पत्रिकांवर गुंडाळलेले दोरे

मी अस्वस्थ झाले की आवरायला घेते. अशा वेळी कुणाला भूक लागते, कुणाला झोप येते. मला कपाटं दिसायला लागतात. मुलीचं लग्न ठरलं त्या आठवड्यात मी मसाल्याचे डबे, औषधांचा खण, चपलांचं कपाट आणि नवऱ्याच्या फायली एवढं सगळं उपसून पुन्हा लावलं. नवरा म्हणाला, "अगं, लग्न हॉलवर आहे. आपल्या चपला बघायला कोण येणारे?" मी म्हटलं, "तुम्ही जरा गप्प बसता का?" त्याला काय सांगणार? एकुलती एक मुलगी लग्न करून बंगळुरूला निघाली होती. चपला निदान ठेवाव्यात तिथे राहतात.

अख्ख्या घरात एकच माणूस शांत होतं, माझ्या सासूबाई. वय ऐंशीच्या पुढे. घणसोलीतला आमचा फ्लॅट बराच वरच्या मजल्यावर आहे. बाल्कनीतून खाली गावठाणातली एकमेकींना खेटलेली घरं दिसतात, त्यांच्या गच्च्यांवरच्या टाक्या, वाळत घातलेल्या चादरी. त्या बाल्कनीत खुर्ची टाकून सासूबाई सकाळचं ऊन असेपर्यंत बसायच्या आणि नातीच्या रुखवतासाठी मोर भरायच्या. मॅटीच्या जाड कापडावर क्रॉस स्टिचचा मोर, चांगला उशीच्या अभ्र्याएवढा. हाच मोर त्यांनी स्वतःच्या लग्नात भरला होता, मग नणंदांच्या, मग स्वतःच्या लेकीच्या. त्यांना नमुन्याचा कागद लागत नव्हता. कुठल्या ओळीत किती घरं सोडायची हे त्यांना पाढ्यांसारखं पाठ होतं.

मुलीनं एकदा सुचवून पाहिलं. "आजी, हल्ली अख्खं रुखवत भाड्यानं मिळतं. विहीर, बैलगाडी, तुळशीवृंदावन, सगळं."

"मिळू दे की," आजी म्हणाली. "त्यात माझा मोर असतो का?"

मुलगी शहाणी, तिनं आजीची सुई ओवून दिली.

तर त्या मोराचे दोरे. सासूबाईंकडे मिठाईचे दोन मोठे खोके होते, पुठ्ठ्याचे, कोपरे चिकटपट्टीनं सांधलेले. त्यात दोरे. नवी लडी आणली की तिच्यावरची शेड नंबरची कागदी पट्टी त्या पहिल्यांदा काढून फेकायच्या. नंबर लागतो कशाला, म्हणायच्या. मग दोरा जुन्या लग्नपत्रिकेच्या तुकड्यावर गुंडाळायचा. घरात आलेली एकही पत्रिका रद्दीत जात नसे. आधी तिच्यावरचा गणपती चौकोनी कापून बाजूला ठेवायचा, कारण गणपतीवर कात्री चालवायची नाही. ते साठलेले गणपती विसर्जनाच्या दिवशी निर्माल्याबरोबर जायचे. उरलेल्या पत्रिकेच्या बोटभर पट्ट्या कापायच्या, टोकाला खाच पाडायची, खाचेत दोऱ्याचं टोक अडकवायचं. अशा शंभरेक पट्ट्या असतील. कुठली जाड, कुठली खरखरीत, कुठलीवर मखमल, कुठलीवर उठावाची सोनेरी वेलबुट्टी. लालाशेजारी पोपटी, पोपट्याशेजारी काळा, त्याच्याशेजारी पुन्हा तिसराच लाल. मला ते खोके बघूनच खाज सुटायची. हा काय पसारा, म्हणायचे मी मनात, माणसाला रंग सापडतो कसा यात?

कपाटं संपली आणि माझी नजर त्या खोक्यांवर गेली.

ऑनलाइन मागवला एक प्लास्टिकचा डबा, खणाखणांचा, पारदर्शक झाकणाचा. सोबत पांढऱ्या शुभ्र प्लास्टिकच्या चपट्या रिळांचं पाकीट. एका दुपारी सासूबाई आडव्या झाल्या तशी मी जेवणाच्या टेबलावर सगळं मांडलं आणि एकेका पत्रिकेवरचा दोरा सोडवून रिळावर गुंडाळला. मान मोडून आली. पण शेवटी डबा असा झाला म्हणता! पांढऱ्यापासून पिवळा, पिवळ्यापासून केशरी, लाल, मग जांभळे, निळे, हिरवे, प्रत्येक रंग फिक्यापासून गडदाकडे. मी त्याचा फोटो काढून मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला. पत्रिकांचे तुकडे भंगारवाल्याच्या पोत्यात गेले; त्यांच्याकडे मी ढुंकूनही बघितलं नाही.

सासूबाई उठून आल्या. मी डबा त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी झाकण उघडलं, खणांवरून हात फिरवला, एक रीळ उचललं, खाली ठेवलं, दुसरं उचललं.

"छान केलंस गं," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "आणि पत्रिका?"

"रद्दीत दिल्या."

"बरं."

आता सांगा, माझं काय चुकलं? बोलायचं होतं ना तेव्हाच! दोन शिव्या घालायच्या होत्या, भवाने, माझं सामान न विचारता हलवतेस, म्हणायचं होतं. नाही. "बरं" म्हणाल्या आणि चहा मागितला.

त्यानंतर मोर रेंगाळला. खुर्ची होती, ऊन होतं, डबा मांडीवर होता, पण सुई चालत नव्हती. त्या एक रीळ काढायच्या, बाल्कनीच्या कठड्यापर्यंत न्यायच्या, डोळ्यांजवळ धरायच्या, परत खणात ठेवायच्या. मला वाटलं, कंटाळल्या असतील. इकडे हॉलचा माणूस, केटरर, मेंदीवाली, सगळ्यांचे फोन मलाच; मी भिंगरीसारखी फिरत होते. मनात म्हटलं, नाही झाला मोर तर नाही झाला, भाड्याचं रुखवत आहेच.

मग एका सकाळी त्यांनी हाक मारली. चेहरा खुललेला होता. "बघ, गळा झाला एकदाचा. निळा कसा उठून दिसतोय!"

मी बघितलं. मोराचा गळा खालून अर्ध्यापर्यंत निळा होता, खोके होते तेव्हा भरलेला. तिथून वर, चोचीपर्यंत, चक्क जांभळा होता, वांग्यासारखा. मोराला सर्दी झालीये आणि कुणीतरी त्याला मफलर गुंडाळलाय, असं दिसत होतं.

'अहो आई, हे काय केलंत' असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण त्या माझ्याकडे बघत होत्या, कौतुकाची वाट बघत. मी जीभ चावली. "सुंदर," म्हटलं, आणि गॅसवर काहीतरी ठेवलंय असं सांगून आत पळाले.

ओट्याशी उभी राहिले आणि मग डोक्यात ट्यूब पेटली. एकेक गोष्ट आठवायला लागली. चहा ओतताना त्या कपाच्या काठावर बोट ठेवतात. पेपर हातात असतो, पण पान उलटायचं विसरतात. त्यांचा कंगवा, त्यांची डबी, त्यांचा चष्मा कुणी वीतभर हलवला तरी चिडतात. आम्ही म्हणायचो, म्हातारपणी माणूस हट्टी होतं. आणि ते खोके! मखमलीची पट्टी म्हणजे निळा. खरखरीत म्हणजे हिरवा. उठावाची वेलबुट्टी म्हणजे कुठलासा लाल. त्या दोरे बघून काढतच नव्हत्या, पत्रिकांवरून बोट फिरवून काढत होत्या, देव जाणे किती वर्षं. आणि मी सगळे दोरे एकसारख्या गुळगुळीत पांढऱ्या रिळांवर चढवले होते. करायला गेले एक नि झालं भलतंच.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. "आईंना दिसत नाहीये. निळा-जांभळा कळत नाहीये."

तो म्हणाला, "टेन्शन नको घेऊ. हॉलमध्ये पिवळे लाइट असतात, कुणाच्या लक्षात येणार नाही."

झालं! जखम मांडीला नि मलम शेंडीला. मला हॉलची पडलीच नव्हती. उद्या कुणीतरी पाहुणी त्या मोराकडे बघून फिस्सकन हसेल आणि ते सासूबाईंच्या कानावर पडेल, याची धडकी भरली होती. आणि त्याहून मोठी धडकी, त्यांना हे सांगायचं कुणी?

मी सांगितलं नाही. मी माझ्या पद्धतीनं वागले, म्हणजे आवरायला घेतलं. निळा दोरा कमी पडणार होता म्हणून गावठाणातल्या मॅचिंग सेंटरमध्ये गेले. नंबरची पट्टी फेकलेली, त्यामुळे दोऱ्याचा तुकडाच घेऊन गेले. दुकानातली बाई म्हणाली, "हाय ना ताई. पन हितल्या लाइटीत नका बघू, भायेर उन्हात धरा." बाहेर रिक्षांच्या गर्दीत उभी राहून मी निळ्याशी निळा ताडून बघितला. मग दुपारी सासूबाई झोपल्या की मोर घेऊन बसायचे. जांभळे टाके बारीक कात्रीनं उसवायचे आणि निळे भरायचे. मला हे काम येत नाही. शाळेत असताना एक रुमाल केला होता, तोही शेजारणीनं पूर्ण करून दिला होता. दोऱ्याचे सहा पदर असतात, त्यातले दोन वेगळे काढायचे, तर माझ्या हातात त्यांचा गुंता व्हायचा. सगळं लक्ष आतल्या खोलीच्या दाराकडे. कॉट करकरली की मी मोर उशीखाली. स्वतःच्याच घरात चोरासारखी बसले होते आणि चोराला बसायचीसुद्धा सवय नव्हती.

गळा निळा झाला. मी मोर जागच्या जागी ठेवला आणि हुश्श केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मोर मांडीवर घेतला. सुई ओवलेली होती, पण त्यांनी टाका घातला नाही. अंगठा गळ्यावरून फिरवला. वरून खाली, मग खालून वर. मग कापड उलटं केलं आणि मागून फिरवला.

"गळा कुणी उसवला?"

मी आत भाजी चिरत होते. सुरी तशीच हातात घेऊन दारात आले. "काय झालं आई?"

"वरचा टाका माझा नेहमी उजवीकडे झुकतो. हे सगळे डावीकडे झुकलेत. आणि मागे गाठी आहेत. माझ्या कामाला मागे गाठ नसते. कुणी हात लावला?"

आणि माझं डोकं सटकलं. इतक्या दिवसांचं साठलेलं, मुलीचं, लग्नाचं, चोरट्या दुपारांचं, सगळं त्या एका वाक्यावर बाहेर पडलं. "मी लावला! जांभळा केला होतात तुम्ही तो! जांभळा! वांग्यासारखा!"

त्यांनी अंगठा पुन्हा गळ्यावरून फिरवला.

"अख्खा?" त्यांनी विचारलं.

"अर्धा."

"अगंबाई," त्या म्हणाल्या, अगदी हळू. पण माझी जीभ कुठली थांबते. "दिसत नाही तर सांगायचं नाही का आई? आम्ही काय परके आहोत?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

"डॉक्टरकडे नेलं असतं!"

"ते नंतर. आधी सुई काढून घेतली असतीस." त्या माझ्याकडे बघत होत्या, म्हणजे माझा आवाज येत होता तिकडे. "दूध एकदा उतू गेलं, तर गॅसपाशी जायची बंदी. भाजीत एकदा अळी राहिली, तर भाजी निवडणं बंद. चांगल्यासाठीच केलंस, मी काही म्हटलं नाही. म्हणून हे झाकून ठेवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुला चैन पडत नाही तेव्हा आवरायला कपाटं आहेत. माझ्या हातातली सुई गेली तर मी दिवसभर काय करू गं?"

सुरी हातात, डोळे भरलेले, आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून आत जायला मिळालं, त्याचंही बरं वाटलं.

डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला, पण ऑपरेशनला त्या तयार नव्हत्या. त्यांच्या थोरल्या बहिणीचा डोळा फार पूर्वी अशाच ऑपरेशनमध्ये गेला होता. "नातीचं लग्न दिसतंय तेवढं बघू दे. मग माझं काय करायचं ते करा." मी म्हटलं, आता तसं राहिलं नाही, अर्ध्या तासाचं काम असतं. नवऱ्यानं म्हटलं, मुलीनं म्हटलं. ढिम्म. शेवटी मी शेजारी बसले आणि म्हटलं, "बरं, नका करू. पण सुई मी घेणार नाही. आणि तुमचे दोरे होते तसे लावून देते."

सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला, जुन्या लग्नपत्रिका असतील तर द्याव्यात. लोकांना वाटलं, मला पत्रिका छापायला नमुने हवेत. दोघींनी छापखान्याचे नंबर पाठवले. एका बाईनं अख्खा गठ्ठा आणून दिला, म्हणाली, "भाचीच्या आहेत, लग्न मोडलं, पण पत्रिका बघा किती भारी आहे." पुठ्ठे जमले. गणपती बाजूला कापले, पट्ट्या केल्या, खाचा पाडल्या. मग दोघी समोरासमोर बसलो. मी रिळावरचा दोरा सोडवायचा, रंग सांगायचा, त्यांनी पट्टी निवडून त्यावर गुंडाळायचा.

"मोरपंखी."

"दे. ही रेघारेघांची. रेघा म्हणजे मोरपंखी."

दुपार सरली, चहा झाला, खोके भरले. मग त्या म्हणाल्या, "आता घे परीक्षा."

"लाल, गडद."

त्यांची बोटं पट्ट्यांवरून फिरली, एकीवर थांबली, पुढे गेली, परत आली. त्यांनी एक पट्टी काढून माझ्या हातात दिली. हिरवी होती.

"काय आहे?"

"हिरवा."

"थांब." पुन्हा. यावेळी चॉकलेटी आला. मग मोरपंखी विचारला, तो बरोबर आला, दोघींना हायसं वाटलं. मग निळा विचारला आणि काळा आला. खोक्यातल्या जुन्या पट्ट्या एकेक करून आल्या होत्या, एकेका लग्नाबरोबर. या सगळ्या एका दुपारी आल्या होत्या. त्या चिडायला लागल्या. एक पट्टी दोनदा चुकली तेव्हा त्यांनी ती खोक्यात आपटली. मी म्हटलं, "आई, उद्या करू." त्या म्हणाल्या, "उद्या काय बोटं नवी येणारेत?" आणि पुन्हा सुरू. मला उठून पळावंसं वाटत होतं. फ्रीज साफ करावा, पंखे पुसावेत, काहीही करावं, पण ती बोटं बघणं नको.

शेवटी त्यांनी हात पदराला पुसले. "राहू दे. बोटंही म्हातारी झाली." त्यांनी खोक्यांवर झाकणं ठेवली. "लाव त्या डॉक्टरला फोन. लग्नाआधीचं बघ. एकच डोळा. गेला तर एक जाईल."

ऑपरेशनला नेलं त्या सकाळी मी दवाखान्याच्या बाकावर बसून पर्समधल्या जुन्या पावत्या फाडून बारीक केल्या, मग शेजारच्या बाईंचं मासिक सरळ करून ठेवलं. त्या बाई माझ्याकडे बघायला लागल्या तेव्हा हात मांडीखाली घेऊन बसले. सगळं नीट झालं. घरी आल्यावर दिवसातून चारदा थेंब घालायचे, काळा चष्मा लावायचा, डोक्यावरून अंघोळ नाही. मी थेंब घालायचे तेव्हा त्या माझं मनगट घट्ट धरून ठेवायच्या, लहान मुलासारख्या. पुढे डॉक्टरांनी जवळचं बघायला हरकत नाही म्हटलं, तात्पुरता चष्मा दिला, आणि त्या दिवशी घरात पाऊल टाकल्या टाकल्या त्या म्हणाल्या, "मोर आण."

लग्न चार दिवसांवर आलेलं. घरात पाहुण्यांच्या गाद्या, अक्षतांच्या पुड्या, पाय ठेवायला जागा नाही. मी मोर आणून दिला. त्यांनी तो बाल्कनीत नेला, लांब धरला, जवळ धरला. पिसारा बघितला, पाय बघितले. गळ्याशी आल्या आणि बराच वेळ थांबल्या. मग उलटा करून मागून बघितला.

"रंग बरोबर लावलायस," त्या म्हणाल्या.

मी सुटले म्हटलं.

"कात्री दे."

"कशाला?"

"टाके फार वाईट आहेत. एकही घर धड नाही. हा मोर म्हणून माझ्या नातीच्या रुखवतात जायचा नाही."

"अहो आई, लग्न तोंडावर आलंय! कोण बघणारे टाके?"

"मी," त्या म्हणाल्या. "मला दिसतंय आता."

आणि मी इतक्या दुपारी खपून भरलेला गळा त्यांनी कचाकचा उसवायला घेतला. मला असा संताप आला की सांगता येत नाही, आणि त्याच वेळी इतकं बरं वाटत होतं की मी तिथेच भिंतीला टेकून रडायला लागले. "आता तुला काय झालं?" त्या म्हणाल्या, मान वर न करता. "रडायचं ते पाठवणीला रड. निळा दे इकडे."

गळा लग्नापर्यंत पुरा झाला नाही. व्हायचा कसा? हळद, पाहुणे, दर तासाला कुणीतरी पाया पडायला. हॉलवर रुखवताचं टेबल मांडलं, भाड्याची विहीर आणि बैलगाडी ठेवली, आणि मोराची जागा रिकामी राहिली. तिच्या बाजूला सासूबाई खुर्ची घेऊन बसल्या, जरीचं लुगडं, नाकावर नवा चष्मा, मांडीवर मोर. आमच्यात रुखवताची एक रीत आहे. वरपक्षाच्या बायका येऊन विचारतात, कुणी केलं हो एवढं? आणि आपण म्हणायचं, सगळं मुलीनं केलंय. मुलीला शर्टाचं बटण लावता येत नसलं तरी असंच म्हणायचं, आणि त्यांनी खरं मानायचं.

विहीणबाई चार-पाच जणींना घेऊन आल्या. विहीर बघितली, बैलगाडी बघितली, मग वाकून मोर बघितला. "अगंबाई, काय देखणा! कुणी केला?"

मी तोंड उघडलं होतं. मागे गुरुजी घाई करत होते, मुलीला अंतरपाटाशी न्यायचं होतं, आणि रीतीचं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं.

सासूबाईंनी चष्म्यावरून एकदा वर बघितलं. "मी करतेय," त्या म्हणाल्या, आणि पुढचा टाका घातला. "झाला नाही अजून."